पान सात, चित्र तिसरं

दिवसभर मी फ्लेक्स करते भांडुपच्या दुकानात.
भावी नगरसेवकांचे गाल उजळते,
दहा बाय वीसवर कार्यकर्त्यांची डोकी
पदानुसार लहानमोठी लावते.
कोण किती सेंटिमीटर, यावरून मारामारीपर्यंत जातं.
म्हणून ओवेस मुकादमने निबंध आणून दिला,
मालिका, सत्ता आणि प्रतिनिधित्व,
तेव्हा निम्मा मला आधीच येत होता.
त्याला इतके जड शब्द लागतात, एवढंच माहीत नव्हतं.

आम्ही दोघं साडेसातच्या मालिकेचे वेडे.
कालिंदीबाई जिना उतरायला लागल्या
की ओवेसच्या घरी कुकरसुद्धा दबकत शिट्टी देतो.
त्यांच्यावरच अंक काढायचा ठरलं.
चोवीस पानं, झेरॉक्स,
किंमत वीस रुपये, नसले तर एक कटिंग.

पहिली प्रत प्रमिती साळसकरला.
ती वॉर्ड ऑफिसात फोनवर बसते,
अख्ख्या भांडुपची तुंबलेली गटारं तिच्या कानातून जातात.
जन्मापासून दिसत नाही,
मालिकेचा एक भाग चुकलेला नाही.
तिने पानांवरून बोटं फिरवली. गुळगुळीत.
मधल्या पानावर पीन टोचली.
म्हणाली, एवढंच वाचता आलं मला.

मग पिना गेल्या, दोरा आला, गोधडीचा धावता टाका.
अक्षर अठरा पॉइंट. राखाडीवर पांढरं बंद.
'चिन्हमीमांसा' मी तीनदा काढला,
ओवेसने तीनदा परत घातला,
शेवटी म्हणाला, राहू दे एकदा,
पण शेजारी अर्थ असा लिही
की तुमच्या दुकानातला पोऱ्यासुद्धा वाद घालेल.
(पोऱ्याने घातला. दोन ओळी त्याच्या आहेत.)
ब्रेलची पाटी प्रमितीने आणली.
उजवीकडून टोचत जायचं,
पान पालटलं की डावीकडून वाचायचं.
माझ्या पहिल्या ओळीत कालिंदीबाईंचं असं काही झालं
की ती हसून हसून खुर्चीवरून घसरली,
काय झालं ते अजून सांगत नाही.

राहिली चित्रं.
चित्रांना शब्द दे, ती म्हणाली,
आणि 'कालिंदीबाई रागात' असं लिहू नकोस,
राग मला ऐकू येतो. दिसतं काय ते सांग.

पान सात, चित्र तिसरं.
जिना. काळी पैठणी, मोरपंखी काठ.
उजव्या हाताचं बोट सुनेवर रोखलेलं,
सून दोन पायऱ्या खाली.
वर झुंबर.
आणि?
प्लॅस्टिकची तुळस.
आणि?
असं विचारते ती, तक्रार पुरती लिहून होईपर्यंत
फोन न ठेवणाऱ्या माणसासारखं.

मी फोटो चारशे टक्के केला.
दाराच्या चौकटीत, अर्धी कापलेली,
एक बाई. पदर खोचलेला. हातात ट्रे, चार कप.
बघते आहे फरशीकडे.
मागचे भाग काढले. आहे.
साखरपुड्यात आहे, गोळीबारात आहे,
मृत्युपत्र वाचताना आहे, ट्रेसकट.
तीन वर्षांत एक वाक्य नाही तिला.
ओवेसची अकरा पानं नुसती नजरेवर,
कोण कुणाकडे कसं बघतं यावर,
त्यांत ती नाही.
मुखपृष्ठावरून तर मीच छाटली होती,
समास बसत नव्हता म्हणून.

प्रमितीला सांगितलं. ती म्हणाली,
अगं, ती तर आहेच.
प्रत्येक भांडणाच्या आधी कपबशा वाजतात.
मला वाटलं, तुम्हाला दिसत असेल.

अंक तीन आठवडे उशिरा निघतो आहे.
कालिंदीबाई मुखपृष्ठावर
दोन सेंटिमीटरने कमी झाल्यात.
ओवेस अजून भांडतो आहे.